लेहचा खोकला

इंदोरा, नागपूर
११ सप्टेंबर १९८०

प्रिय चंद्रभान,

सप्रेम जयभीम. परवा सकाळी सुखरूप पोचले. बाबा दिल्लीच्या स्टेशनवर घ्यायला आले होते, त्यामुळे गाडी बदलताना ट्रंकेचा त्रास झाला नाही.

मुख्य गोष्ट आधी सांगते. खोकला गेला! जूनमध्ये तुमच्याकडे लेहला आले तेव्हापासून ज्यानं मला धड एक वाक्य बोलू दिलं नाही, तो कुठं गळून पडला ते मलाच कळलं नाही. झोजीला घाट उतरून बस सोनमर्गला थांबली तेव्हा होता. श्रीनगरला एकदोनदा उबळ आली. आणि झाशी सोडल्यावर समोरच्या बाईनं विचारलं, "एवढ्या लांबून आल्या, तब्येत बरी राहिली ना?" तेव्हा ध्यानात आलं, सकाळपासून मी खोकलेच नाही. मी हसायला लागले तर बाबा घाबरले.

तिथं कसं व्हायचं आठवतं ना? पाण्याची बादली घेऊन पायऱ्या चढले की दम लागायचा, आणि दम लागला की ती थंड कोरडी हवा घशात शिरून उबळ यायची. श्वास मी घेत नव्हते, श्वासच मला ओढत न्यायचा. झोपेत मात्र उलटं. मधेच श्वास थांबायचा, म्हणून तुम्ही मला गदागदा हलवायचे. "जया, श्वास घे," म्हणायचे. तुमचा तेव्हाचा चेहरा इथं फार आठवतो.

आईचं समाधान व्हावं म्हणून काल मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात जाऊन छातीचा फोटो काढला. छाती स्वच्छ आहे म्हणाले.

एक विचारायचं राहिलं. खोकून खोकून माझ्या बरगडीत कळ आली, त्या दिवशी तुम्ही आणि शेजारच्या सिंधूताई मला तिथल्या दवाखान्यात घेऊन गेले. मला ऑक्सिजन लावून बाहेर निजवलं होतं आणि डॉक्टरांनी तुम्हाला आत बोलावलं. आत काय बोलणं झालं ते तुम्ही सांगितलंच नाही. "खाली जावं लागेल" एवढंच म्हणालात. डॉक्टर नेमकं काय म्हणाले? रस्ता नोव्हेंबरात बंद होतो. त्याआधी येऊ, की पुढच्या जूनमध्ये? शाळेची नोकरी तर लग्नानंतर सोडलीच आहे, मला इथं अडवणारं काही नाही.

सिंधूताईंना आणि त्यांच्या यजमानांना, गोपाळराव साहेबांना, नमस्कार. वेधशाळेच्या शिडीवर हातमोजे घातल्याशिवाय चढू नका.

तुमची
जया


लेह
४ ऑक्टोबर १९८०

चि. सौ. जया हिस,

जयभीम व आशीर्वाद. पत्र मिळाले. खोकला थांबल्याचे वाचून समाधान झाले. तथापि परत येण्याची घाई करू नये.

येथील डॉक्टरांनी फुप्फुसांविषयी शंका व्यक्त केली होती. तू धास्ती घेशील म्हणून मी तेव्हा बोललो नाही. एका फोटोवरून काही सिद्ध होत नसते. निदान वर्षभर पूर्ण विश्रांती घ्यावी, दूध-अंडी घ्यावीत, आपली ताटवाटी वेगळी ठेवावी. मी आईला सर्व कळवले आहे. तिचे म्हणणे असे की खापरखेड्याच्या घरात दादाची लहान मुले आहेत, तेव्हा तू तूर्त माहेरीच राहावे. माझी आत्या क्षयाने गेली, आईने तिचे सर्व केले होते. तिला भीती वाटली तर तिला दोष देता येणार नाही.

मी ठीक आहे. मला येथील हवा पहिल्यापासून मानवली. शेवटी ज्याची त्याची प्रकृती. थंडी सुरू झाली आहे. रात्री पारा शून्याखाली जातो.

बाबांना नमस्कार.

चंद्रभान


इंदोरा, नागपूर
२० नोव्हेंबर १९८०

प्रिय चंद्रभान,

सप्रेम जयभीम. तुमचं पत्र वाचून पुन्हा मेडिकलमध्ये गेले. थुंकी तपासली. एकदा नाही, डॉक्टर नको म्हणाले तरी पुन्हा पुन्हा तपासून घेतली. काही नाही. मग ते सगळे कागद पिशवीत घालून, तुम्ही नको म्हटलं असताना, खापरखेड्याला गेले. रागावू नका. मला वाटलं, आईंना समोर बसून सांगितलं की त्यांची भीती जाईल.

दारातच त्या म्हणाल्या, "काहून आली वं? चंदूनं लिवलं नाही का तुले?"

मी म्हटलं, "आई, मला काही झालेलं नाही. हा बघा फोटो आणलाय."

"फोटोतलं मले काय समजते? माह्या नणंदेचा बी फोटो निंघाला होता. बस तिथंच, अंगणात. चहा देतो."

दादांचा लहाना नेहमीसारखा पळत आला, तर वहिनींनी त्याला दंडाला धरून आत ओढलं. मी कपात चहा घेतला. तो कप वहिनींनी माझ्यासमोर, बोट न लावता, काडीनं उचलून केराच्या टोपलीत टाकला. चुलीच्या धुरानं त्या स्वतः सारख्या खोकत होत्या. पण तो धुराचा खोकला. मी तिथं बसून एकदाही खोकले नाही, तरी रोगी मीच.

निघताना शेजारच्या ओट्यावरच्या बायका बोलायच्या थांबल्या. म्हणजे कॉलनीत सगळ्यांना माहीत आहे.

हे मी गिळलं असतं. पण आमच्या धाकट्या रुख्मिणीचं तुम्हाला माहीत आहे. कामठीचं स्थळ ठरत आलं होतं, मुलानं तिला पसंतही केलं होतं. परवा मुलाचे काका आले आणि बाबांना म्हणाले, "मोठ्या पोरीले छातीचं आहे म्हणते ना? धाकटीची बी तपासनी केली का?" बाबांनी त्यांना माझे कागद दाखवले. ते म्हणाले, "कागद ठीक आहे, पण जवाईबापूच असं सांगून राहिले, तं मंग कागदाचं काय?"

म्हणून एकच मागते. दोन कार्डं टाका. एक आईंना, एक बाबांना. जयाला क्षय नाही, एवढंच लिहा. तुमच्या अक्षरात. माझ्या कागदांना इथं किंमत नाही, तुमच्या शब्दाला आहे.

तुमची
जया


लेह
२८ डिसेंबर १९८०

चि. सौ. जया हिस,

आशीर्वाद. टपाल आता फक्त विमानाने येते, त्यामुळे उत्तरास विलंब. तू माझे न ऐकता खापरखेड्यास गेलीस हे योग्य केले नाहीस. आईच्या मनाला त्रास झाला.

कार्डाविषयी. मी एकदा जे कळवले ते कळवले. आता निराळे लिहिले तर आई चार लोकांत खोटी पडेल. तिचे वय पाहता हे बरे दिसणार नाही. लोक काही दिवस बोलतात आणि विसरतात. रुख्मिणीस दुसरे स्थळ मिळेल.

इथे काम फार आहे. तीन महिने तुझ्या खोकल्याची उबळ ऐकून माझीही झोप गेली होती, हेही कधी लक्षात घ्यावे.

चंद्रभान


इंदोरा, नागपूर
१२ जानेवारी १९८१

आदरणीय सिंधूताई,

सविनय जयभीम. तुम्ही तिथं मला बहिणीसारखं सांभाळलं. माझ्या घशाला बरं वाटावं म्हणून चुलीवर पाण्याचं पातेलं ठेवून खोली वाफेनं भरून टाकायच्या, ते मी विसरले नाही. आज एका अडचणीत तुम्हाला लिहिते आहे.

दवाखान्यात ह्यांच्याबरोबर तुम्हीही आत गेला होता. डॉक्टर काय बोलले? हे लिहितात, त्यांनी क्षयाची शंका सांगितली. इथले डॉक्टर म्हणतात, तसलं काही नाही. मागच्या पत्रात हे लिहितात की आता निराळं लिहिलं तर आई खोटी पडेल. हे वाक्य मी कितीदा वाचलं असेल. रोग खरा असता तर 'खोटं कसं लिहू' म्हणाले असते, 'निराळं' कशाला म्हणाले असते?

मला वाईट वाटेल म्हणून काही लपवू नका. रोग असेल तर तेही सांगा.

तुमची
जया


लेह
९ फेब्रुवारी १९८१

जया, अनेक आशीर्वाद.

तुहं पत्र भेटलं. बर्फ पडलं का विमान येत नाही, म्हणून टपाल उशिरा. मले लिवाचा सराव नाही, पण ह्यायले सांगितलं असतं तं ह्यायनं अर्धं कापलं असतं. म्हणून मीच लिवून राहिली.

डाक्टर बोलला तवा मी आतच होती वं. डाक्टर इथलाच, लडाखी. हिंदीत बोलला, म्हणून मले सारं समजलं. त्यानं तुही छाती पाह्यली होती, थुंकी पाह्यली होती. म्हणाला, "टीबी-वीबी कुछ नहीं है." म्हणे इथं हवा पातळ, म्हणून माणूस भराभर श्वास घेते. भराभर घेतला का नाकाले हवा गरम कराले वेळच भेटत नाही. कोरडी ठणठणीत हवा सिद्दी घशात जाते, घसा सोलून निंघते, मंग जराशा वाऱ्यानं बी ठसका लागते. अन म्हणे श्वास किती घ्याचा हे आपण ठरवत नाही, आपलं आंगच ठरवते, अन उंचावर आल्यावर आंगाचा तो अंदाज चुकते. म्हणून झोपेत बी श्वास थांबते. कोणाले महिन्यात जमते, कोणाले जमतच नाही. त्यात रोग काही नाही. "नीचे भेज दो, अपने आप ठीक हो जाएगी. अगले साल धीरे-धीरे लाना, रास्ते में रुक-रुक के."

तुह्या नवऱ्यानं मान डोलवली. पुन्हा विचारलं बी, "पक्का टीबी नहीं?" डाक्टर हासला. मले वाटलं, त्यानं तुले सांगितलं असन. असं कोण लपवते?

तुहं पत्र आलं अन मी ह्यायच्या मागं लागली, का विचारा त्याले. तो ह्यायच्या हाताखालचा, तं ह्यायले विचाराले काय हरकत. ह्यायनं विचारलं, "काहून गा चंद्रभान, डाक्टरनं तं असं सांगितलं नव्हतं?" मंग म्हणाला, "साहेब, दवाखान्यात न्याच्या आदल्या दिवशीच मी आईले लिवून टाकलं होतं. मले भेव वाटलं होतं. आत्याचं असंच सुरू झालं होतं. तं आईनं साऱ्या कॉलनीत सांगून देल्लं. आता नाही म्हटलं तं लोकं आईले काय म्हणतीन?"

भेला तं भेला. माणूस भेते. पण मंग एक कारड टाकाले काय जाते वं? मी ह्यायले म्हटलं, अन तिले लोकं काय म्हणून राहिले ते? तं हे म्हणते, दुसऱ्याच्या घरात आपण काहून पडा. मले त्याचा लय राग आला. दोन दिवस मी ह्यायच्याशी बोलली नाही.

तू त्याले माहं नाव घेऊन लिव. मी कोणाले भेत नाही.

सिंधूताई


इंदोरा, नागपूर
२ मार्च १९८१

चंद्रभान,

सिंधूताईंचं पत्र आलं. डॉक्टर काय म्हणाले, तुम्ही काय विचारलंत, ते हसले कसे, सगळं कळलं.

तुम्ही घाबरला होता, त्याचा मला राग नाही. तुम्ही मला झोपेतून उठवायचे आणि मी श्वास घेईपर्यंत माझे खांदे सोडायचे नाहीत. त्या भीतीत आईंना लिहून टाकलं असेल तर मी समजू शकते. पण दुसऱ्या दिवशी भीती गेली होती. त्यानंतर जे लिहिलंत, ताटवाटी वेगळी ठेव, वर्षभर विश्रांती घे, ते भीतीनं लिहिलेलं नाही. ते बसून, विचार करून लिहिलेलं आहे.

कामठीच्या मुलाचं दुसरीकडे जमलं. रुख्मिणी माझ्या शेजारी झोपायची, ती आता आईजवळ झोपते. मी शाळेत पुन्हा विचारायला गेले, तर मोठ्या बाईंनी खुर्ची थोडी मागे घेतली आणि म्हणाल्या, पालकांची हरकत येईल.

अजूनही एक कार्ड पुरेल. लिहा.

जया


चंदीगड
२४ मे १९८१

चि. सौ. जया हिस,

जयभीम व आशीर्वाद. तुझ्या मार्चच्या पत्राचे उत्तर राहून गेले, त्याचे कारण पुढे येईल. हे पत्र मी इस्पितळातून लिहीत आहे.

एप्रिलात रजेवर खापरखेड्यास आलो होतो. तुमच्याकडे यावयाचे मनात होते, पण आईने काही कामे काढली व रजा संपली. परतताना विमानाने गेलो. इतके दिवस तेथे काढलेले, म्हणून दुसऱ्याच दिवशी कामावर गेलो. शिडी चढता येईना. संध्याकाळी खोकला सुरू झाला. मला कधी नव्हता तो. आडवे पडले की बुडाल्यासारखे वाटे. मग खोकल्याबरोबर गुलाबी फेस येऊ लागला. छातीत पाण्याचा खळखळ आवाज मला स्वतःला ऐकू येत होता. श्वास घेत होतो, पण हवा मिळत नव्हती. गोपाळराव साहेबांनी रातोरात दवाखान्यात नेले. तेच डॉक्टर. ते म्हणाले, फुप्फुसात पाणी भरले आहे, खाली राहून पुन्हा एकदम उंचावर आलेल्यास असे होते, तुम्ही थांबत थांबत यायला हवे होते. सकाळच्या लष्करी विमानाने मला खाली आणले, म्हणून वाचलो.

आता तब्येत सुधारत आहे. पुन्हा उंचावर पाठवू नये असा शेरा मिळाला असून माझी बदली नागपुरास होईल. तेव्हा आपल्यामधील अडचण आता उरलेली नाही. तू खापरखेड्यास राहावयास यावेस. मला काही महिने पथ्यपाणी लागेल व आईच्याने होत नाही. मात्र येण्यापूर्वी आईच्या समाधानासाठी छातीचा एक ताजा फोटो काढून आणावास. तेवढे केलेस की तिचा आक्षेप राहणार नाही.

तेथे लोक काहीबाही बोलतील. लक्ष देऊ नये.

चंद्रभान


इंदोरा, नागपूर
१५ जुलै १९८१

श्री. चंद्रभान ढोके यांस,

जयभीम. तुमच्या चंदीगडच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, म्हणून रविवारी तुम्ही स्वतः आलात. त्या दिवशी बोलणं अर्धं राहिलं, ते लिहून पुरं करते.

तुम्ही फार वाळले आहात. तुमचं पत्र वाचलं तेव्हा मी रडले, हेही सांगून टाकते. ते बुडाल्यासारखं वाटणं मला तुमच्याइतकं झालं नव्हतं, पण श्वास आपला आपल्या हातात नसतो तेव्हा माणूस किती एकटं पडतं ते मला माहीत आहे. ताज्या फोटोच्या ओळीपाशी आले तेव्हा रडणं थांबलं.

एप्रिलात आईंनी काढलेल्या कामांपैकी एक काम कोराडीला राहतं आणि मॅट्रिक झालेलं आहे, हे आम्हाला मे महिन्यातच कळलं होतं. तुम्ही आजारी पडल्यावर मुलीकडचे कोराडीचे लोक थांबले, हेही कळलं. बाबांनी तरी तुम्हाला "बसा जवाईबापू" म्हटलं, रुख्मिणीनं तुम्हाला पाणी दिलं. तुम्ही म्हणालात, "झालं गेलं सोडून दे."

मी काय मागितलं होतं? बाहेर नळावर तुळसाबाई आणि गल्लीतल्या चारसहा बायका उभ्या होत्या. मी म्हटलं, ओट्यावर या आणि त्यांना ऐकू जाईल असं सांगा की डॉक्टरांनी जयाला क्षय नाही म्हटलं होतं. मी लगेच तुमच्यासोबत येते.

तुम्ही म्हणालात, "इथं? या बायकाईसमोर?"

"या बायकांसमोरच माझं नाव गेलं ना."

"घरात म्हणाले सांग, मी दहा वेळा म्हणतो. बाहेर तमाशा काहून करून राहिली?"

बाबा म्हणाले, "जवाईबापू, दोन शबद आहेत. बोलून टाका."

तुम्ही बाबांकडे बघितलं, दाराकडे बघितलं. मग चपला घातल्या आणि त्याच बायकांमधून मान खाली घालून निघून गेलात. तुम्हाला धाप लागली होती, तरी तुम्ही भराभर चालत होता.

माझा निर्णय असा. मला भिवापूरच्या शाळेत जागा मिळाली आहे, पुढच्या आठवड्यात जाते. तिथं मला कोणी ओळखत नाही. रुख्मिणीलाही घेऊन जाते. दोघांच्या संमतीनं वेगळं होण्याचे कागद वकील पाठवतील, सही करा. मला तुमच्याकडून दुसरं काही नको. ते कार्डही आता नको.

आणखी एक. तुम्ही गेल्यावर मी घागर घेऊन नळावर गेले. तुळसाबाईंनी विचारलं, "काहून वं जया, जवाई किती वाळून गेला! खापरखेड्यात म्हणून राहिले, तुहाच रोग त्याले लागला. खरं आहे का?"

सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. खापरखेड्यात हे कोणी सुरू केलं असेल ते मला विचारावं लागलं नाही. मी नुसती गप्प राहिले असते तरी पुरलं असतं. क्षयाच्या माणसाला कोराडीच काय, कुणीच मुलगी दिली नसती.

मी म्हटलं, "नाही, मावशी. त्यांना क्षय नाही. उंचावरच्या हवेनं त्यांच्या छातीत पाणी झालं होतं, खाली आले, आता बरे होतील. ते कोणाचं कोणाला लागत नाही."

बायकांनी ऐकून घेतलं. कोणी हसलं नाही, कोणी मला खोटं पाडलं नाही. घागर भरायच्या आत बोलून झालं होतं.

जया रुपराव मेश्राम